हाडाच्या आत जाऊन आलेली सुई

मी एक जुनी पोलादी सुई आहे. सुई म्हटल्याबरोबर तुमचा एक हात दुसऱ्या दंडावर गेला असेल, ते मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, मी दंडात टोचायची सुई नाही आणि गोधडी शिवायचीही नाही. मी बोटभर लांब आहे, पेन्सिलीतल्या शिशाएवढी जाड आहे आणि आतून पोकळ आहे. माझ्या पोटात एक बारीक सळई बसते आणि कमरेला एक चकती असते, मी ठरल्यापेक्षा खोल जाऊ नये म्हणून. माणसाच्या कमरेच्या हाडात शिरायचं आणि आतला मगज, ज्याला डॉक्टर लोक अस्थिमज्जा म्हणतात, त्याचे पाच-सहा थेंब बाहेर आणून द्यायचे, हे माझं काम होतं. आता मी अमरावतीच्या एका दवाखान्यात, खालच्या मजल्यावरच्या खोलीत, टेबलाच्या खणात पडून असते.

माझा स्वभाव काळजीचा आहे, हे आधीच सांगून टाकते. बाकीच्या हत्यारांना ही खोड नाही. कात्री कापते आणि मोकळी होते. चिमटा धरतो आणि सोडून देतो. मी मात्र थेंब आणले की विचार करत बसते, की मी जिथे गेले तिथे जे होतं, तेच सगळ्या हाडांत असेल का? माणसाच्या अंगात हाडं दोनशेच्या वर, आणि मी पाहून येते ती गव्हाच्या दाण्याएवढी जागा. लोक मात्र माझ्या पाच थेंबांवरून हसायचं की रडायचं ते ठरवतात. हा भार मला कधीच नीट पेलला नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लेथवर मला कातलं, पोकळ केलं, टोक काढलं आणि पॉलिश करून सहा बहिणींबरोबर एका खोक्यात बसवलं. त्या बहिणी पुढे कुठे गेल्या ते कळलं नाही. मी आले ती कुर्बानभाईंच्या हातात. कुर्बानभाई म्हणजे या दवाखान्याच्या रक्त तपासणीच्या खोलीतले जुने माणूस. राहायला बडनेऱ्याला. रोज सायकलवर यायचे आणि आल्या आल्या मला पाहायचे. काम झालं की मला पाण्यानं धुवायचे, वाफेच्या डब्यात ठेवायचे, आणि टोक बोथट वाटलं तर दगडावर हलक्या हातानं घासायचे. मग खिडकीशी नेऊन एक डोळा मिटून माझ्यातून आरपार उजेड दिसतो का ते बघायचे. दिसला की म्हणायचे, "चल, तय्यार." एवढ्या कौतुकावर मी वर्षानुवर्षं काम केलं.

मला वापरायच्या त्या डॉक्टर नाजिया. त्या अकोल्याच्या. आठवड्यातून दोन दिवस सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायच्या आणि रिक्षानं दवाखान्यात यायच्या. रक्ताच्या आजारांचं शिक्षण घेतलेल्या तेवढ्या एकट्याच आमच्या भागात होत्या, त्यामुळे त्या दोन दिवसांत बाहेरच्या बाकड्यांवर बसायला जागा नसायची. अंजनगाव, वरूड, दर्यापूर, कुठून कुठून माणसं यायची. डॉक्टरांचा हात हलका होता. मुलांना टोचण्याआधी कातडी बधिर करायच्या आणि काय करणार ते खरंखरं सांगायच्या. दुखणार नाही, असं खोटं त्या कधी बोलल्या नाहीत. मला तेवढ्यासाठीच त्या आवडायच्या.

आता मी आत काय पाहिलं ते सांगते, कारण तिथे जाऊन आलेले आपल्यात फार थोडे.

मित्रांनो, तुमच्या हाडाच्या आत एक घर आहे. बाहेरून हाड टणक असतं, पण आत मऊ, लाल, थोडं तेलकट असं सगळं. तुमच्या अंगातलं रक्त तिथेच जन्माला येतं. त्या घरात काही पेशी अशा असतात की त्या स्वतः कधी रक्त होत नाहीत, पण रक्ताच्या लहान लहान पेशींना धरून बसतात. त्यांना खाऊ घालतात, अंगाशी घेतात आणि वाढल्या की वाहत्या रक्तात सोडून देतात. मी त्यांना त्या घरच्या आया म्हणते. या आयांचा एकच दोष आहे. कुणाला नाही म्हणणं त्यांना येत नाही.

रक्ताचा कॅन्सर याच घरात सुरू होतो. एखादी पेशी बिघडते, मोठी व्हायचं सोडून नुसती वाढत सुटते, आणि आया तिलाही जवळ घेतात. औषध दिलं की ते रक्तातून येतं आणि अशा बिघडलेल्या पेशी भराभर मरतात. पण काही पेशी आयांच्या कुशीत घट्ट चिकटून झोपून राहतात. औषध शोधतं वाढणारीला, झोपलेलीला ओळखत नाही. शिवाय आया तिला खायला देतच असतात. त्यामुळे रक्त तपासलं तर स्वच्छ दिसतं आणि घरात कुठेतरी कोपऱ्यात दोन-चार जणी झोपलेल्या असतात. हे ज्या दिवशी डॉक्टर नाजियांनी पहिल्यांदा कुर्बानभाईंना समजावून सांगितलं, त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला तो आजतागायत.

आता आचलची गोष्ट. ती सांगायलाच मी तोंड उघडलं आहे.

दोन हजार तीन सालचा पावसाळा संपत आला होता. वरूडकडची आठ वर्षांची एक मुलगी तिच्या आईनं कडेवर घेऊन आणली. आठ वर्षांची मुलगी कडेवर, म्हणजे तिच्या अंगात चालायचंही त्राण नव्हतं. तोंड पांढरं पडलेलं, हिरड्यांतून रक्त, पायांवर निळे डाग. आईचं नाव सुभद्रा. बरोबर आजोबा होते, खुशालराव. धोतर, पांढरी टोपी आणि हातात संत्र्यांची पिशवी. मुलीचे वडील किशोर संत्र्यांच्या ट्रकबरोबर परप्रांतात गेलेले असायचे, म्हणून घरातलं सगळं खुशालरावांच्या शब्दानं चालायचं. त्यांचा तीनशे झाडांचा संत्र्याचा बगीचा होता आणि शेजारी थोडी कोरडवाहू कपाशी. त्या वर्षांत वरूडकडचे बोअर एकामागून एक आटत होते आणि लोकांचे उभे बगीचे वाळून जळतणाला जात होते. खुशालरावांचा बगीचा मात्र हिरवा होता. झाडाच्या मनातलं त्यांना कळतं, असं गावात म्हणायचे, आणि खुशालरावांचाही तसाच समज होता.

त्या दिवशी मी आचलच्या हाडात गेले आणि मला लगेच कळलं. एरवी आत शिरलं की जागा मोकळी लागते आणि येणाऱ्या थेंबात तेलाचे बारीक चमकते कण असतात. इथे सगळं खच्चून भरलेलं होतं. डॉक्टरांनी दोनदा ओढलं तेव्हा कुठे थेंब आले, आणि त्यात चमक नव्हती. वीज गेलेली होती. कुर्बानभाईंनी खिडकीच्या उजेडात आरसा फिरवून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मग उठून डॉक्टरांना जागा करून दिली.

उपचार सुरू झाले. सलाईनमधून औषधं, पाठीच्या कण्यात औषधं, गोळ्या. आचलचे केस गेले, तोंड आलं, ओकाऱ्यांनी ती हैराण झाली. एका महिन्यानं मला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी आत शिरताना मी भीत भीत गेले, पण जागा मोकळी होती. थेंबात चमक होती. काचेवर एकही रोगट पेशी दिसली नाही.

मित्रांनो, त्या दिवशी माझं एवढं कौतुक झालं की काय सांगू. खुशालरावांनी सगळ्या वॉर्डात संत्री वाटली. कुर्बानभाईंनी मला धुताना शाबास म्हटलं. सुभद्रानं डॉक्टरांचे पाय धरले. डॉक्टर म्हणत होत्या की अजून अडीच वर्षं औषधं चालायची आहेत, आधी सलाईनची आणि मग घरी रोज गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही. सगळे मान डोलावत होते. पण माणसाचे कान आणि मन एका जागी नसले की असंच होतं. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की आता आत काही नाही. मीही त्या कौतुकात थोडी फुगले होते, हे कबूल करते. मी गव्हाच्या दाण्याएवढी जागा पाहून आले होते आणि लोक म्हणत होते की सगळं घर साफ झालं.

सलाईनचा काळ संपला आणि घरच्या गोळ्या सुरू झाल्या. आचल महिन्यातून एकदा तपासणीला यायची. केस परत आले, तेही कुरळे. ती आता धीट झाली होती. कुर्बानभाईंना काका म्हणायची आणि बोट टोचायच्या आधी दम द्यायची की हळू टोच, नाही तर मी माझ्या आबाजीले सांगीन.

मग पुढच्या वर्षीची ती दिवाळी आली. रक्तातल्या चांगल्या पेशी फार कमी झाल्या म्हणून डॉक्टरांनी दहा दिवस गोळ्या थांबवायला सांगितल्या. औषध रोगट पेशींबरोबर चांगल्यांनाही थोडं मारतं, त्या सावरल्या की पुन्हा सुरू करायचं, असा तो नियम. डॉक्टरांनी नियम पाळला, पण गर्दी इतकी होती की कारण सांगायचं राहून गेलं. त्या दहा दिवसांत आचलचा चेहरा उजळला. ती पोटभर जेवायला लागली, बगीच्यात पळायला लागली. खुशालरावांनी हे पाहिलं आणि ते मनाशी विचार करत राहिले.

संत्र्याचं झाड कसं फुलवतात, तुम्हाला माहीत आहे का? वरूडकडच्या पोराटोरांना माहीत असतं. थंडीत झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात. दीड-दोन महिने झाडाला थेंबही द्यायचा नाही. पानं मलूल होतात, थोडी गळतातही. मग एकदम पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. याला बगीचा ताणावर सोडणं म्हणतात. किती दिवस ताण द्यायचा आणि कधी तोडायचा हे ज्याला कळलं, त्याला बगीचा कळला.

खुशालरावांना वाटलं, डॉक्टरीणबाईंनी पोरीला ताणच दिला. आणि तो लागू पडला. फक्त दहा दिवस फार थोडे झाले. काळ्या जमिनीतल्या झाडाला दहा दिवसांच्या ताणानं काय होतं? त्या साली डिसेंबरात त्यांनी बगीचा ताणावर सोडला आणि त्याच दिवशी सुनेला सांगितलं की पोरीच्याही गोळ्या दोन महिने बंद.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी वाफेच्या डब्यात हिरव्या कापडात गुंडाळलेली होते. मला फक्त एवढं कळत होतं की डिसेंबर गेला, जानेवारी गेला आणि खालच्या खोलीत आचलचा आवाज आला नाही. कुर्बानभाईंनी दोनदा डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी वरूडला शेजाऱ्याच्या टेलिफोनवर निरोप ठेवला. निरोपाचं उत्तर आलं की पोरगी एकदम चांगली आहे.

ती आली ती फेब्रुवारीत. आणि खरंच चांगली दिसत होती. गाल भरलेले, वेणीला रिबिन. खुशालरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढून डॉक्टरांपुढे ठेवला. वरूडलाच रक्त तपासून घेतलं होतं त्यांनी. सगळे आकडे जागच्या जागी. डॉक्टरांनी कागद वाचला, आचलचं पोट दाबून पाहिलं, गळ्याच्या गाठी पाहिल्या आणि डोळ्यांत टॉर्च मारला. मग सुभद्राला विचारलं की गोळ्या किती उरल्या. सुभद्रानं सासऱ्याकडे पाहिलं.

खुशालराव लपवणारा माणूस नव्हता. "बाई, आमी काई लपवत नाई," ते म्हणाले. "पोरीले दोन मयने ताण देल्ला. तुमीच तं दिवाळीले देल्ला होता. पाहा कशी बहारावर आली."

डॉक्टर नाजियांनी हातातला टॉर्च टेबलावर ठेवला. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आबाजी, दिवाळीला मी कारण सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. ती माझी चूक." आणि त्यांनी कुर्बानभाईंना मला काढायला सांगितलं.

खुशालराव म्हणत राहिले की रक्त चांगलं आहे, मग हाड कशाला टोचता. आचल मात्र टेबलावर पालथी झाली. तिला सवय होती. तिनं आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि कुर्बानभाईंना विचारलं, "काका, धार लावली का तिले? मांगच्या वेळेस बोथट होती."

मित्रांनो, त्या दिवशी मला शक्य असतं तर मी वाकले असते. मोडले असते. आत जायचंच नाही, असं वाटत होतं, कारण मी गेले नाही तोपर्यंत ती चांगली होती. पण सुईला मन असून चालत नाही. मी गेले. हाडाचं कवच ओलांडलं आणि आत पुन्हा तेच, खच्चून भरलेलं. आया तशाच होत्या, तशाच मायाळू. ज्या दोन-चार जणी त्यांच्या कुशीत झोपल्या होत्या, त्या जाग्या झाल्या होत्या आणि त्यांनी घर भरून टाकलं होतं. अजून दाराबाहेर, रक्तात, त्या निघाल्या नव्हत्या एवढंच. आठ-पंधरा दिवसांत निघाल्या असत्या.

काच वाचून डॉक्टर परत आल्या तेव्हा आचलला कुर्बानभाईंनी बाहेर रिक्षा दाखवायला नेलं होतं. मी ट्रेमध्ये होते, अजून न धुतलेली. डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं आणि दोघांना सगळं सांगितलं. हाडातल्या घराबद्दल, आयांबद्दल, झोपलेल्या पेशींबद्दल. औषध रोज द्यायचं ते त्या झोपलेल्यांसाठीच, त्यातली एखादी जरी जागी झाली तरी तिला औषध भेटलं पाहिजे म्हणून. आता आजार उलटला होता. आणि उलटल्यावर तीच औषधं पहिल्यासारखी चालत नाहीत, जास्त कडक द्यावी लागतात, तीही चालतील याची खात्री नसते. पूर्ण गोळ्या घेऊनही काही मुलांना उलटतो, हेही त्यांनी सांगितलं. नेमकं कशामुळे झालं, ते त्या छातीठोकपणे सांगू शकत नव्हत्या.

तेव्हा सुभद्रा बोलली. इतका वेळ ती भिंतीशी उभी होती. "मामाजी, म्या पूर्ण बंद नोयती केली," ती म्हणाली. "मले भेव वाटे. दिवसाआड अर्धी गोळी गुळात घालून देत होती तिले. तुमाले न सांगता. वाटलं, काहीच नाई यापक्षा तेवढी तरी जाईन पोटात."

खुशालरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे बोंडअळीवानी का?"

डॉक्टरांना कळलं नाही. खुशालरावांनी सांगितलं. कपाशीवर आधी एका फवारणीत अळी मरायची. मग लोकांनी औषध पातळ करून मारलं, अर्धवट मारलं, मध्येच सोडलं. ज्या अळ्या वाचल्या त्या औषधाला सरावल्या. मग तेच औषध त्यांच्या अंगावरून पाण्यासारखं जायला लागलं. पातीआड म्हणजे कळीआड, बोंडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत तर ते पोचायचंही नाही. सगळ्या वऱ्हाडानं ते पाहिलं होतं. डॉक्टर म्हणाल्या की हो, पुष्कळसं तसंच.

"हे मले ठाऊक होतं," खुशालराव म्हणाले. "कपाशीचं मले समदं ठाऊक होतं. म्या पोरीले संत्र्याचं झाड समजलो."

सुभद्रा रडत होती. तिला वाटलं अर्ध्या गोळीनं सगळं बिघडवलं. खुशालराव उठले, तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की तुझी चूक नाही, तू भ्याली तीच खरी शहाणी. सासऱ्यानं सुनेपुढे असं उभं राहणं त्या घरात कधी झालं नसावं, कारण ती रडायची थांबून पदर सावरायला लागली.

दुसऱ्यांदा उपचार सुरू झाले आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होते. मी फार सांगत नाही. आचलला ताप यायचा तो उतरायचा नाही. एकदा तर डॉक्टर नाजिया अकोल्याला परतच गेल्या नाहीत, तीन दिवस इथेच थांबल्या. किशोर ट्रकचं काम सोडून आला आणि लेकीच्या उशाशी बसून राहिला. खुशालराव बाहेरच्या बाकड्यावर असायचे. आता ते काही ठरवत नव्हते. प्रत्येक औषधाचं कारण विचारायचे, ते पाठ करायचे आणि सुभद्रालाही पाठ करायला लावायचे. दवाखान्यातल्या नर्स त्यांना पाहून दुसऱ्या जिन्यानं जायच्या, इतकं ते विचारायचे.

एप्रिलमध्ये मला पुन्हा बोलावणं आलं. आचलचं वजन इतकं उतरलं होतं की हाड शोधावं लागलं नाही, वरूनच दिसत होतं. या वेळी तिनं कुर्बानभाईंना धारेचं विचारलं नाही. मी आत गेले. जागा मोकळी होती. थेंबांत चमक होती, थोडी फिकी, पण होती.

डॉक्टरांनी काच फार वेळ पाहिली. कुर्बानभाईंनी पाहिली. मग डॉक्टर खालच्या खोलीत येऊन म्हणाल्या की रोगट पेशी दिसत नाहीत.

कुणी हसलं नाही. कुणी संत्री वाटली नाहीत. खुशालराव पुढे झाले आणि त्यांनी विचारलं, "बाई, नाईत का दिसत नाईत?"

"दिसत नाहीत, आबाजी."

"मंग गोळी आजपासूनच ना?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत किती शिकलेली माणसं त्या खोलीत येऊन गेली, पण नाहीत की नुसत्या दिसत नाहीत, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला जन्मभर ज्याची काळजी वाटत आली, ते त्या म्हाताऱ्यानं पाच शब्दांत बोलून दाखवलं. त्या क्षणी पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या काळजीत वाटेकरी मिळाला.

पुढच्या थंडीत आचल तपासणीला आली तेव्हा सुभद्रानं डॉक्टरांना सहज सांगितलं की यंदा मामाजींनी बगीचा ताणावर सोडलाच नाही. सगळ्या गावानं सांगून पाहिलं. ताण नाही तर फूल नाही, फूल नाही तर फळ नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते एवढंच म्हणाले की कोणाचं पाणी तोडायला यंदा हात उचलत नाही. तीनशे झाडं थंडीभर हिरवीगार उभी राहिली आणि त्या साली एकाही झाडाला बहार आला नाही.

मग माझेही दिवस भरले. एकदा वापरून फेकायच्या, पाकिटात बंद असलेल्या सुया आल्या. त्या माझ्यापेक्षा तीक्ष्ण, माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि मुलांना त्यांचं दुखतंही कमी. माझी तक्रार नाही. कुर्बानभाईंनी मला शेवटचं धुतलं, खिडकीशी धरून आरपार पाहिलं आणि फेकायच्या डब्यात न टाकता खणात ठेवलं. खण बंद झाला. त्यानंतर मला फक्त ऐकू येतं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात मी आचलचा आवाज ऐकला. आवाज मोठ्या मुलीचा झाला होता, पण मी ओळखला. गोळ्यांची वर्षं संपत आली होती आणि औषध थांबवायच्या आधीची शेवटची तपासणी होती. तिनं कुर्बानभाईंना विचारलं की जुनी सुई कुठे गेली. ते म्हणाले, रिटायर झाली. "बरं झालं," ती म्हणाली. "लय दुखवायची." मला वाईट वाटलं नाही. खरंच सांगते, इतका आनंद मला कुठल्याच शाबासकीनं झाला नव्हता. नवी सुई आत गेली, बाहेर आली. थेंब काचेवर पसरल्याचा बारीक आवाज झाला. खुशालरावांची काठी टेकत टेकत जवळ आली. सगळे काच घेऊन वर गेले, कारण आता सूक्ष्मदर्शक वरच्या मजल्यावर असतो. निकाल तिथेच सांगतात.

तेव्हापासून आचल या खोलीत आलेली नाही. मुलं या खोलीत परत येत नाहीत त्याची दोन कारणं असतात. एक चांगलं असतं. दुसरं मी तुम्हाला सांगत नाही. आचलचं कोणतं, ते मला खणात कुणी येऊन सांगितलं नाही. मी रोज पहिलं कारण धरून बसते आणि रोज दुसऱ्याला भिते.

म्हणून मित्रांनो, या जुन्या सुईचं एवढं ऐका. तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत कुणी लांबची औषधं घेत असेल, आणि ते माणूस गालांनी भरलेलं, हसतं-खेळतं दिसायला लागलं असेल, तर त्याला चांगलं दिसतोस असं जरूर म्हणा. पण त्याच्याजवळ बसून आजची गोळी घेतली का, तेही विचारा. गोळी थांबवायची वेळ आली तर का थांबवायची, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारातून हलू नका. त्यांना घाई असली तरी विचारा. आणि वरूडकडे कधी गेलात, तर तेरा-चौदा वर्षांची, कुरळ्या केसांची, मोठ्यांना दम देणारी एक मुलगी कुठल्या बगीच्यात दिसते का ते पाहा. दिसली तर तिला माझं नाव सांगू नका, ती पुन्हा घाबरेल. फक्त इथे येऊन, खणाजवळ, दोन शब्द मोठ्यानं बोला.